एफडी मोडून हेडफोन मोजायचं यंत्र घ्यावं का?

सांगलीच्या विश्रामबागहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३४, कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात डिझाइनचं काम, हातात महिना ४६,००० रुपये. पत्नीचं बी.एड. चालू आहे, मुलगी पाच वर्षांची. गेलं वर्षभर ते रात्री आणि रविवारी हेडफोन-इअरफोन ऐकून त्यांबद्दल मराठीत लिहिणारी वेबसाइट चालवतात. २०२५-२६ या वर्षात तिच्यातून ४७,००० रुपये आले. आता ४ लाखांच्या एफडीतले ३ लाख काढायचे, बंगळुरूच्या एकाकडून हेडफोन मोजायचा वापरलेला कृत्रिम कान १,९०,००० ला घ्यायचा, ७०,००० चा लॅपटॉप आणि उरलेल्या ४०,००० चे नवे हेडफोन घ्यायचे, असा बेत आहे. "यंत्राशिवाय ४७ हजार आले, तर यंत्र आल्यावर किती येतील?" असं ते विचारतात. दोन वर्षांत नोकरी सोडण्याचाही विचार आहे. वर्षाचा सगळा हिशेब त्यांनी प्रामाणिकपणे सोबत जोडला आहे, म्हणून नीट उत्तर देता येतं.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा कॅल्क्युलेटर घेऊन. उत्तर आधीच सांगतो. एफडी मोडू नका. वेबसाइटही बंद करू नका. नोकरीचा विषय तर आत्ता काढूच नका.

आधी ते ४७,००० बघू. लेखातल्या ऑनलाइन दुकानाच्या लिंकवरून झालेल्या खरेदीचं कमिशन ३८,४००, जाहिरातींचे ८,६००. ही झाली आवक. डोमेन आणि होस्टिंगला ६,२०० गेले, कुरिअरला ४,८००. हेडफोन घेतले १,३४,००० चे, त्यातले ७१,००० चे परत विकले, आणि कपाटात आज जे चौदा नग पडलेत त्यांचे तुमच्याच अंदाजाने ३०,००० येतील. म्हणजे घेण्या-विकण्यात ३३,००० गेले. सगळं वजा करा. कपाटातलं विकलं गेलं असं धरून हातात राहतात ३,००० रुपये. आठवड्याचे बारा तास धरले तर वर्षाचे सहाशे होतात, तासाला पाच रुपये पडले. छंद म्हणून हे उत्तम आहे. वर्षभर मनासारखं ऐकलं, लिहिलं, आणि खिशातून दमडी गेली नाही, असं किती छंदांबद्दल म्हणता येतं? पण ३ लाख घालण्याजोगा धंदा म्हणून या आकड्यांकडे मला बघवत नाही.

आता यंत्राचा भार जोडू. ३ लाखांवर तुमची एफडी सात टक्के देते, म्हणजे वर्षाला २१,००० काहीही न करता. यंत्र आणि लॅपटॉप मिळून २,६०,०००, पाच वर्षं टिकले असं उदारपणे धरलं तरी वर्षाची झीज ५२,०००. दोन्ही मिळून ७३,०००. आज आहात तिथेच राहायला, म्हणजे ते तीन हजार वाचायला, आवक ४७,००० वरून १,२०,००० वर जायला हवी. नव्या हेडफोनचे ४०,००० आणि एफडी मुदतीआधी मोडल्याचा दंड यात मी धरलेलाच नाही.

जाईल का आवक तिथवर? तुमच्या हिशेबातला मला सर्वांत बोलका वाटलेला आकडा इथे सांगतो. ३८,४०० च्या कमिशनपैकी २९,००० फक्त दोन लेखांनी आणले: दीड हजारांच्या आतले वायरवाले इअरफोन, आणि मुलांच्या ऑनलाइन क्लाससाठीचे हेडफोन. त्यातही २२,५०० दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये आले. ज्या महागड्या हेडफोनवर तुम्ही तीन आठवडे घालवून सुंदर लिहिलंत, त्याने वर्षात ३५० रुपये दिले. पैसे आणणारा तुमचा वाचक तासगावचा, जतचा, वाळव्याचा आहे. त्याला विचारायचं असतं की फोनवर समोरच्याला माझा आवाज नीट जातो का, सहा महिन्यांत पिनेपाशी वायर तुटते का, डावा कान बंद पडला तर वॉरंटीत कोण ऐकून घेतं. हे मराठीत सरळ सांगणारं माणूस त्याला सापडत नव्हतं, तुम्ही सापडलात. १,९०,००० चं यंत्र यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही.

यंत्राच्या बाजूनेही थोडं बोललं पाहिजे, कारण तुमची ओढ खोटी नाही. कोणत्या पट्टीचा स्वर हेडफोन किती जोरात वाजवतो, याचा आलेख त्यावर काढता येतो. कानाच्या पोकळीसारखा धातूचा कपलर, त्यामागे मायक्रोफोन, मोठ्या हेडफोनसाठी वर रबरी पाळी, अशी त्याची रचना. मानक आयईसी ६०३१८-४, या नादातली मंडळी जुन्या क्रमांकावरून अजून त्याला ७११ च म्हणतात. डेन्मार्कच्या कंपन्यांचे अस्सल संच काही लाखांत जातात, पण त्याच घाटाचे चिनी कपलर काही हजारांत मिळतात. इअरफोनसाठी ते चालतात. कानाची नक्कल म्हणून मूळ मानकाचाच भरवसा १०,००० हर्ट्झपर्यंत आहे, आलेखातल्या त्यापुढच्या रेषेवरून नकलेत काय आणि अस्सलमध्ये काय, जपूनच बोलावं लागतं. मोजणीसाठी रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि तुमच्या आहे त्या लॅपटॉपवर चालेल. बंगळुरूच्या संचाला कॅलिब्रेशनचं, म्हणजे मोजमाप तपासून घेतल्याचं, प्रमाणपत्र नाही, असं तुम्हीच लिहिलंय. मग त्याचा आकडा खरा की खोटा, हे विकणाऱ्याच्या शब्दावर सोडायचं का? शिवाय उद्या विकायचा म्हटलं तर देशभरात गिऱ्हाइकं किती मिळतील? बहुतेक लोकप्रिय मॉडेलचे आलेख जगभरच्या छंदिष्टांनी फुकट खुले ठेवलेत. तुमचा आलेख त्यांत आणखी एक होईल.

तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्यापैकी फारच थोड्यांकडे असेल. प्रत्येक हेडफोनवर तुम्ही आधी मिरजेच्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण ऐकता, हे वाचून मी थांबलो. सतारमेकर गल्लीत जवारी काढणारा कारागीर मी लहानपणी तासन् तास पाहिलाय. घोडी किंचित घासायची, तार आणि घोडी यांच्यामधला सुती दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायची, मान वाकडी करून ऐकायचं, पुन्हा दोरा. मग एका क्षणी त्या एकाच तारेतून वरचे स्वर फुलायला लागतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या कानाच्या कामाला. ज्या हेडफोनमध्ये वरच्या पट्टीत नको तो उठाव आहे, तिथे जवारी पत्र्यासारखी वाजते आणि जिथे ती पट्टी दबलेली आहे तिथे ती विझते, असं तुम्ही एका लेखात लिहिलंत. आलेख न कळणाऱ्या माणसालाही हे समजतं. मिरजेतल्या एखाद्या वादकाला योग्य मानधन देऊन, रीतसर परवानगीने दहा मिनिटांचं स्वतःचं मुद्रण करून घ्या आणि तेच दरवेळी वापरा. माझ्या मते तुमच्या पैशांचा पहिला हक्काचा खर्च हा आहे.

पैसे कुठून आणायचे? कपाटातून. चौदापैकी आठ-नऊ नग विका, वीसेक हजार येतील. त्यात मुद्रणही होईल आणि चिनी कपलरही येईल. वेबसाइटसाठी वेगळं बचत खातं उघडा. कमिशन, जाहिरात, जुन्या हेडफोनची विक्री, सगळं त्यातच. नवं काही घ्यायचं तर त्या खात्यात असेल तेवढ्यातच. पगाराच्या खात्यातून तिकडे एक रुपयाही जाऊ द्यायचा नाही.

एफडीबद्दल माझं म्हणणं ठाम आहे. घरखर्च महिना ३८,०००. आज ४ लाख म्हणजे साडेदहा महिन्यांची सोय. ३ लाख काढले की तीन महिन्यांचीही उरत नाही, आणि घरात कमावणारे तुम्ही एकटे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१ च्या जुलैत पुन्हा चढली. विश्रामबागेत तुमच्या दारात पाणी आलं नसेल, पण त्या आठवड्यांत या शहरातली कितीतरी कामं आणि पगार थांबले होते. सहा महिन्यांचे २,२८,००० कशालाही हात न लावण्याचे. वरचे वहिनींच्या बी.एड.च्या पुढच्या फीसाठी आणि लेकीच्या शाळेसाठी राखा. रक्कम एकाच सहकारी बँकेत आहे, ते चालेल. ठेव विम्याची मर्यादा दर बँकेमागे व्याजासह ५ लाख आहे.

तुमचा मित्र म्हणाला की तीन लाखांचा खर्च दाखवून पगारावरचा कर वाचेल. तसं होत नाही. व्यवसायाचा तोटा पगारातून वजा करता येत नाही, आणि यंत्राचा खर्च एका वर्षात नाही, घसाऱ्याने हळूहळू धरला जातो. मुळात नव्या करप्रणालीत तुमच्या पगारावर कर शून्यच आहे. "एवढ्याशा रकमेला कोण विचारतं?" असं तुम्ही म्हणता, त्याचं उत्तर आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात (एआयएस) आहे. कमिशन २०,००० च्या वर गेल्याने दोन टक्के, म्हणजे ७६८ रुपये, टीडीएस कापला गेलाय. रिटर्न भरा, ते परत मिळतील. फक्त व्यवसायाचं उत्पन्न असल्यामुळे सहज नावाचा आयटीआर-१ आता चालणार नाही, आणि उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरणारी ४४एडीची ठोक पद्धतही कमिशनच्या उत्पन्नाला लागू नाही. खर्चाची बिलं जपून ठेवा. नोकरीच्या करारात बाहेरच्या उत्पन्नाबद्दल काय लिहिलंय तेही वाचून घ्या.

पत्रात शेवटी ओझरतं लिहिलेलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. एक कंपनी २४,००० चा हेडफोन ठेवून घ्या म्हणते, वर १५,००० देते, आणि लेख छापण्याआधी वाचायला मागते. नकार द्या. वस्तू ठेवून घेतली तर ती उत्पन्नात धरली जाते आणि वर्षात असे लाभ २०,००० च्या वर गेले की १० टक्के टीडीएस लागतो. परत पाठवली तर हा प्रश्न येत नाही. मोबदला घेऊन तो वाचकाला न सांगणं ग्राहक कायद्याखाली महागात पडतं, दंड १० लाखांपर्यंत आहे. हे सगळं बाजूला ठेवलं तरी, जतच्या त्या पोराने तुमच्या शब्दावर बाराशे रुपये खर्च केलेत. तुमचं २९,००० चं उत्पन्न त्या शब्दावर उभं आहे. कंपनीला एवढंच कळवा: हेडफोन पाठवा, महिन्याने परत करतो, लेख आधी दाखवणार नाही.

नोकरीचा विचार कधी करायचा? असा तीन हजारांसारखा शुद्ध उरलेला आकडा सलग दोन वर्षं ४,५६,००० च्या पुढे गेला, म्हणजे घरखर्च भागला, तर मला पुन्हा लिहा. तेव्हाही पीएफ आणि कंपनीचा आरोग्य विमा जाईल, तो वेगळा धरू. शिवाय ही आवक एका दुकानाच्या मर्जीवर आहे. एप्रिल २०२० मध्ये अॅमेझॉनने अमेरिकेत अनेक वर्गांचे कमिशनचे दर एकदम खाली आणले होते, तेव्हा लिहिणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्या त्या दोन लेखांतले पाच इअरफोन आता बाजारात मिळतच नाहीत, मी शोधून पाहिलं. दसऱ्याच्या सेलआधी ते दोन्ही लेख नव्याने ऐकून लिहा. या रविवारी दीड हजारांच्या आतल्यांपासून सुरुवात करा, आणि वहिनींची परीक्षा असेल त्या आठवड्यात हेडफोन कपाटातच राहू द्या.