लंडनला जाताय? प्रॉम्स उभ्यानं ऐका

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत लंडनमध्ये असाल, तर म्युझिकलच्या महागड्या तिकिटाआधी रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या प्रॉम्सचा विचार करा. १८९५ पासूनची ही पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची मैफलमाला. उभ्यानं ऐकणाऱ्यांसाठीची तिकिटं आजही थोड्या पौंडांत, त्याच दिवशी मिळतात. सकाळीच ऑनलाइन लक्ष ठेवा.

पहिल्यांदा जाताना अरीनाच घ्या. खुर्च्यांच्याही पुढे, थेट मंचासमोर उभं राहता येतं. चेलोचा गज तारेवर टेकतानाची खरखर, वादकांनी एकदम पानं उलटल्याची सळसळ, हे सगळं तिथून ऐकू येतं. गुडघे कुरकुरत असतील तर मात्र वरची गॅलरी बरी. तिथे बरेचजण चक्क जमिनीवर बसून ऐकतात.

साउथ केन्सिंग्टन स्टेशनवरून हॉल चालत दहा-पंधरा मिनिटांवर. वाटेतल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला प्रवेश मोफत आहे. पोटात छोटा ऑर्गन असलेला टिपू सुलतानचा लाकडी वाघ या म्युझियमच्याच संग्रहात आहे.

प्रॉम्सच्या शेवटच्या रात्रीच्या तिकिटांमागे लागू नका. त्यापेक्षा ऑर्गन असलेला कार्यक्रम निवडा. हॉलच्या ऑर्गनला ९,९९९ नळ्या आहेत, खर्जाचा सूर लागला की पायाखालची जमीन थरथरते.