लपवण्यासारखं काही नसेल, तर सरकारनं पाहिलं म्हणून बिघडतं काय?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग राग. कारण हे वाक्य माझं आहे. 2018 च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाचा आधारवरचा निकाल आला, त्या आठवड्यात मी हेच आमच्या दाजींना ऐकवलं होतं. पाच वर्षांनी त्यांनी ते मला व्याजासकट परत केलं.

तुम्ही विचारलंय, ज्याचं कुठं काही वाकडं नाही अशा सामान्य माणसानं फोन-आधार-लोकेशनवर सरकारची नजर आहे म्हणून काळजी का करावी, आणि व्हॉट्सअॅप त्यांना खरंच वाचता येतं का. व्हॉट्सअॅपचं शेवटी बघू. आधी माझं ऐका.

माझं सेतू केंद्र आहे. परभणी आणि बीडच्या सीमेजवळ कल्याण-निर्मल रस्त्यावर एक फाटा आहे, तिथं. पीकविमा, सातबारा, रेशनची ई-केवायसी, उत्पन्नाचा दाखला, सगळं करतो. म्हणजे आधारवर माझं पोट आहे, हे आधीच सांगून टाकतो. देशातलं पहिलं आधार 2010 साली आपल्या नंदुरबारमधल्या टेंभलीत दिलं गेलं, हे मी गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचो.

दाजी पोलिसात होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं 'गोपनीय'ला. गोपनीयवाला म्हणजे साध्या कपड्यातला तो एक पोलीस, ज्याला अख्खा तालुका ओळखतो. मोर्चा कधी निघणार, जयंतीच्या वर्गणीवरून कोणत्या गावात दोन गट पडले, कोणता पुढारी कुणाच्या घरी जेवला, हे त्यानं वर कळवायचं. दाजी सकाळी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात सुशीलाची, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांची, प्लेट घेऊन बसायचे. निम्मी माहिती तिथंच यायची, स्वतःच्या पायानं चालत. सभा कुणाचीही असो, हे मागच्या रांगेत वही घेऊन. कार्यकर्ते माइकवर विचारायचे, "साहेब आले का? मग करू सुरू." एकदा एकानं भाषण झाल्यावर दाजींची वहीच मागून घेतली. "मी तहसीलदाराला चोर म्हणलो नाही, झोपलेला म्हणलो." दाजींनी तिथल्या तिथं खोडून 'झोपलेला' केलं. दोघं मिळून चहा प्यायले.

ही गोष्ट लक्षात ठेवा.

तर 2018 ला दाजी नुकतेच रिटायर झालेले, आमच्याकडं जेवायला आलेले. म्हणाले, "आमची वही ठाण्यात राहायची. दोन पावसाळ्यांत उंदरं खायची. तुझ्या मशीनमधला अंगठा कुठं राहतो रे?" मी म्हणालो, "दाजी, ज्याचं लपवण्यासारखं काही नाही त्यानं कशाला भ्यायचं?" वर निकाल वाचून दाखवला, चार विरुद्ध एक, आधार वैध. बँक खातं आणि सिम कार्डाला आधार जोडायची सक्ती त्याच निकालानं रद्द केली होती. तेवढी ओळ मी वाचली नाही.

आता 2023 चा ऑक्टोबर संपताना मराठा आरक्षणावरून काय वातावरण होतं ते मराठवाड्यात कुणाला सांगायची गरज नाही. माजलगाव, बीडला जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद. त्याच्या थोडं आधी आमच्या फाट्यावर साधा रास्ता रोको झाला. तीन तास. दगड नाही, टायर नाही, भजनी मंडळ बसलं होतं. मी आंदोलनात नव्हतो. म्हणजे मनानं होतो, अंगानं दुकानात.

नंतर एका दिवशी ठाण्यातून फोन. "साहेबांनी बोलावलंय. येताना आधार घेऊन या."

टेबलावर छापील यादी होती, नंबरच नंबर. याला टॉवर डंप म्हणतात. ठरावीक वेळात एका टॉवरला जेवढे मोबाइल लागले, तेवढे सगळे कंपनीकडून मागवायचे. त्यात आंदोलक आले, अडकलेले ट्रकवाले आले, एसटीतल्या बाया आल्या, जिनिंगला कापूस घेऊन चाललेले आले, आणि मी आलो.

"रास्ता रोकोच्या वेळी फाट्यावर काय करत होतात?"

"साहेब, माझं दुकानच फाट्यावर आहे."

कुणी हसलं नाही. मग दुसरा कागद. एका नंबराखाली हिरव्या पेनानं रेघ. "या नंबराला अर्ध्या तासात तीन कॉल. चौदा सेकंद, नऊ सेकंद, बावीस सेकंद. कुणाचा नंबर आहे?"

मला माहीत होतं. आंदोलनात सगळ्यात पुढं बसलेल्या पोराचा.

"इतके छोटे कॉल माणूस कशाला करतो? सूचना द्यायलाच ना?"

झालं होतं असं. त्या पोराचे वडील माझ्यासमोर खुर्चीत बसलेले. पीएम किसानचा पंधरावा हप्ता तोंडावर आलेला आणि यांची ई-केवायसी राहिलेली. आधारला मोबाइल पोराचा जोडलेला, त्यामुळं ओटीपी रस्त्यावर भजनात. पहिला कॉल: ओटीपी आला का बघ. दुसरा: टाळ बंद करा जरा, ऐकू येईना. तिसऱ्यात सहा आकडे, आणि आधीचे चुकले म्हणून परत सहा आकडे. झाली केवायसी. दोन हजार रुपयांसाठीचे पंचेचाळीस सेकंद.

लोक मोठ्या समाधानानं म्हणतात की बोलणं थोडंच ऐकतात, नुसती यादी तर बघतात. अहो, त्या दिवशी बोलणं ऐकलं असतं तर मी पाच मिनिटांत सुटलो असतो! यादीत नंबर, वेळ, सेकंद आणि टॉवर एवढंच असतं. अर्थ बघणारा लावतो. आणि तो अर्थ लावून झाल्यावर तुम्हाला बोलावतात.

मी पोर्टलवरची नोंद दाखवली, वेळेसकट. साहेब तसे चांगले होते, मान हलवली. तरी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 149 ची नोटीस हातात दिलीच. (आता नव्या कायद्यात ते कलम 168 झालंय, मजकूर तोच.) आपल्याकडून कायदा व सुव्यवस्थेला बाधा आल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल. सही करा, तारीख घाला. गुन्हा नाही, कोठडी नाही, कुणी अरेतुरेसुद्धा केलं नाही. एवढंच झालं, आणि एवढ्यासाठी मी हे पान लिहितोय असं वाटत असेल तर वाटू द्या.

त्यानंतर ते वडील कागदं घेऊन दुसऱ्या केंद्रावर गेले. "तुमच्याकडं पोलिसांचं लचांड हाये म्हणं." पुढचे दोन महिने मी गिऱ्हाइकाच्या पोराला ओटीपीसाठी फोन करायचं टाळलं. फॉर्म पडून राहिले, हप्ते हुकले. कुणी मला फोन करू नको म्हणालं नव्हतं. मीच बंद केलं.

नोटीस घेऊन बाहेर आलो आणि पहिला फोन दाजींना. ठाण्यात त्यांची ओळख होती. दाजी शांतपणे म्हणाले, "अरे, तुझं लपवण्यासारखं काही नाही ना? मग कशाला घाबरायलास?"

मध्ये एक गोष्ट घडली होती, ती सांगायला हवी. 2023 च्या जुलैत दाजींचे पुढारी सत्तेत जाऊन बसले होते. 2018 ला अंगठा कुठं राहतो म्हणून विचारणारा माणूस आता म्हणायला लागला की पोलिसांना यादी मागवावीच लागते, नाहीतर राज्य कसं चालायचं. मी विचारलं, तुमच्या वहीला आणि या यादीला एकच मानता का? म्हणाले, एकच. निजामाच्या राज्यातही सभेला परवानगी लागायची, गश्ती निशान 53 म्हणून फर्मानच होतं, तेव्हाही माणसं मागं असायची, आत्ताच काय नवीन.

नवीन हे आहे दाजी, की तुमच्या वहीला चेहरा होता. तुम्ही ऐकायलात हे बोलणाऱ्याला माहीत होतं. चुकलं तर वही मागून घेता येत होती. माझी यादी कुणी मागवली, कुणी कुणी पाहिली, ती आता कुठं पडलीय, मला कुणी सांगत नाही. माझं आधार गेल्या सहा महिन्यांत कुठं कुठं वापरलं गेलं ते मला त्यांच्याच साइटवर दिसतं. माझी कॉलची यादी कुणी काढली, हे दाखवणारं पान मात्र कुठंच नाही. तिथं 'झोपलेला' कुठं लिहायचं?

आणि ही झाली यादीची गोष्ट. फोन ऐकायचा असेल तर नियम कागदावर कडक आहेत. गृहसचिवाचा आदेश, 60 दिवसांची मुदत, फार तर 180 पर्यंत वाढ, वर तपासायला सचिवांची समिती. ही चौकट पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यातल्या 1996 च्या निकालातून आली. न्यायाधीश त्यात कुठंच नाही, सगळे सरकारी अधिकारीच. डेटा कायद्यासाठी सरकारनंच नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीनं 2018 ला लिहून ठेवलंय की ही तपासणी समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि एका बैठकीत तिच्यापुढं 15 ते 18 हजार आदेश असतात. मी दिवसाला चाळीस अर्ज भरतो आणि संध्याकाळी नावातला काना-मात्रा दिसेनासा होतो. मला नका सांगू तपासणीचं.

आता कुणीतरी खाली येऊन लिहील की तू अमुक पक्षाचा. म्हणून सांगतो, सुरी एकानं घडवली आणि धार दुसऱ्यानं लावली. कॉम्प्युटर-मोबाइलमधली माहिती बघायचा अधिकार सरकारला देणारं आयटी कायद्यातलं 69 कलम रुंद केलं 2008 च्या डिसेंबरात, तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं. त्याच कलमाखाली 2018 च्या डिसेंबरात दहा यंत्रणांना अधिकार दिले, ते भाजपच्या सरकारनं. विरोधात असताना दोघंही हुकूमशाही म्हणून ओरडले, सत्तेत असताना दोघंही देशाची सुरक्षा म्हणाले. 2023 च्या डेटा कायद्यात सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं, ती तरतूद वाचली तर पुढं वाचायची इच्छा राहत नाही.

पूर्वी निदान लाज होती. 1988 ला फोन टॅपिंगवरून कर्नाटकात रामकृष्ण हेगडेंनी मुख्यमंत्रिपद सोडलं. 1991 च्या मार्चमध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस शिपाई पाळत ठेवताना सापडले, त्यावरून चंद्रशेखर यांचं सरकार गेलं. दोन शिपाई! दाजींसारखेच असतील बिचारे. 2021 ला पेगासस निघालं, फोनमध्ये गुपचूप शिरून सगळं बघणारं इस्रायली सॉफ्टवेअर. कोर्टाच्या समितीनं 29 फोन तपासले, 5 मध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, ते पेगाससच होतं असा ठोस पुरावा मिळाला नाही, आणि केंद्रानं सहकार्य केलं नाही असं समितीचं म्हणणं सरन्यायाधीशांनीच कोर्टात सांगितलं. एक खुर्ची हलली नाही.

राहिला तुमचा 'सामान्य माणूस'. गावात चोरी झाली की पंचनाम्याआधी पारध्यांच्या पालावर जायचं, हे मला दाजींनीच सांगितलंय. इंग्रजांचा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 ला गेला, त्यांच्यामागची नजर गेली नाही. लपवण्यासारखं काही नाही हे वाक्य तिथं जाऊन म्हणा. मी ते इतकी वर्षं का म्हणत होतो माहितीये? माझ्याकडं कुणी बघत नव्हतं म्हणून.

व्हॉट्सअॅपचं: मेसेज वाटेत वाचता येत नाही, ते कुलूपबंद जातं. पण फोन त्यांच्या हातात आला आणि तुम्ही पॅटर्न सांगितला की कुलूप संपलं. ग्रुपमधल्या एकानं स्क्रीनशॉट दिला तरी संपलं. लोकांची भांडी बहुतेक वेळा असंच कुणीतरी फोडतं, त्याला पेगासस लागत नाही. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा उघडा. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथीच्या साइटवर दिसतं, ते एकदा बघाच. हो, संचार साथी सरकारचंच आहे. 2025 च्या शेवटी ते अॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये सक्तीनं टाकायला निघाले होते, ओरड झाल्यावर काही दिवसांत माघार घेतली. ओरडल्यावर कधीकधी ऐकतात, एवढं तरी त्यातून घ्या.

आणि न्यायानं बोलायचं तर हेही: आमच्या शेजारच्या गावातली हरवलेली पोरगी दोन दिवसांत सापडली ती मोबाइलच्या लोकेशनवर. माझ्या दुकानाचं कुलूप तोडणारा फाट्यावरच्या कॅमेऱ्यात दिसला, म्हणून लॅपटॉप परत मिळाला. 2017 ला नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्या निकालातही गरज असेल तेवढं, कायद्यानं, प्रमाणात बघता येतं असंच आहे. मी बघूच नका म्हणत नाही. कोण बघतंय ते मला कळू द्या म्हणतोय, निदान नंतर तरी.

दाजींना हे पटत नाही. गेल्या नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला करायला आले होते. त्यांच्या आधारला मोबाइल भाच्याचा, भाचा पुण्यात कंपनीत. मी फोन लावला, ओटीपी विचारला, ठेवला. चुकला. परत लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा दाजी खुर्चीतून पुढं वाकले आणि हळूच म्हणाले, "जरा लांब बोल त्याच्याशी. तब्येत-बिब्येत विचार. छोटे कॉल बरे दिसत नाहीत."