मोठे नाव पाहून गाइड निवडावा का?

सप्रेम नमस्कार,

आपली कन्या संगणकशास्त्रातील चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला असून तिला अमेरिकेतील एका नामवंत प्राध्यापकांकडे पीएचडी करायची आहे. त्यांना आताच ई-मेल पाठवून प्रवेश निश्चित करता येईल का आणि आधी एमएस करावे लागेल का, असे आपण विचारले आहे.

एमएसची अट बहुतेक विभागांत नसते. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट पीएचडीसाठी अर्ज करता येतो, साधारण पाच ते सहा वर्षे लागतात, आणि संशोधन वा अध्यापन साहाय्यक म्हणून केलेल्या कामापोटी शुल्कमाफी व विद्यावेतन मिळते. एमएसचा खर्च मात्र बहुधा घरूनच करावा लागतो.

ई-मेलबाबत म्हणाल तर, प्रवेशाचा निर्णय बहुतेक ठिकाणी विभागाची समिती घेते; प्राध्यापक शब्द टाकू शकतात, पण परस्पर जागा देऊ शकत नाहीत. त्यामुळे ई-मेलने प्रवेश निश्चित होत नाही. ते गाइड म्हणून योग्य आहेत का हे पाहण्यासाठी त्यांचा परिचय वाचताना पुरस्कारांची यादी सोडून द्यावी आणि गेल्या दोन-तीन वर्षांतील शोधनिबंध पाहावेत. संगणकशास्त्रात नियतकालिकांपेक्षा परिषदांतील निबंधांना अधिक मान आहे, आणि ते डीबीएलपी या संगणकशास्त्रातील शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर सहज सापडतात. प्रथम लेखक म्हणून विद्यार्थ्यांची नावे दिसत असतील, तर प्राध्यापक अजून प्रत्यक्ष मार्गदर्शन करीत आहेत असे समजावे. पूर्ण प्राध्यापक (फुल प्रोफेसर, म्हणजे सर्वांत वरिष्ठ श्रेणी) झालेली व्यक्ती कित्येकदा विभागप्रमुखपदात किंवा एखाद्या कंपनीच्या कामात गुंतलेली असते व नवे विद्यार्थी घेत नाही. याउलट, नव्याने रुजू झालेल्या असिस्टंट प्रोफेसरांना साधारण सहाव्या वर्षी टेन्युअरच्या, म्हणजे नोकरीत कायम होण्याच्या, परीक्षेला सामोरे जायचे असते. त्यांना चांगले विद्यार्थी हवेच असतात आणि ते विद्यार्थ्यांसोबत बसून काम करतात. टेन्युअर नाकारले गेल्यास विद्यार्थ्याची अडचण होते, हा धोका खरा. तरीही माझ्या मते अर्जात असे एक-दोन प्राध्यापक अवश्य असावेत.

जीआरई या प्रवेशपरीक्षेची सक्ती अनेक विभागांनी काढून टाकली आहे. टोफेल किंवा आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा मात्र सहसा द्यावीच लागते. खरे वजन असते ते तीन शिफारसपत्रांना. ‘विद्यार्थिनी हुशार व नियमित आहे’ एवढेच लिहिणाऱ्या विभागप्रमुखांच्या पत्राचा काहीही उपयोग नाही. तिचा प्रयोग फसल्यावर तिने चूक कशी शोधली, हे सांगू शकणाऱ्या शिक्षकांचे पत्र, ते पदाने कनिष्ठ असले तरी, कितीतरी मोलाचे ठरते. अर्जाची मुदत बहुधा डिसेंबरच्या मध्याला संपते, त्यामुळे असा शिक्षक आणि असा प्रकल्प तिने याच सत्रात गाठावा.

आपला,
करिअर समुपदेशक