मेस्त्री, आधी माप दाखवा
गॅरेजच्या कामाबद्दल कोल्हापूर परिसरातल्या वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : माझ्या १०० सीसीच्या मोटरसायकलच्या सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. एका गॅरेजवाल्यानं बघताक्षणी 'इंजिन काम निघालंय' म्हणून सांगितलं. दुसरा म्हणतो, नुसते व्हॉल्व्ह सील बदला. कुणाचं ऐकू? – वाचक, कळंबा

उत्तर : दोघांनीही धूर बघून अंदाज केलाय, माप कुणीच घेतलेलं नाही. हिवाळ्यात सकाळी पांढरी वाफ येते आणि इंजिन तापलं की जाते, ती धरू नका. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ते वरून, व्हॉल्व्हकडून झिरपतंय की खालून, पिस्टनकडून, एवढंच ठरवायचं आहे.

त्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी काडी, बघा. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावून बऱ्याच १०० सीसी गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. आटे आवळून बघितलं तर काडी खोल जाते आणि पातळी खरीपेक्षा जास्त दिसते. कधी ऑइलच जास्तीचं भरलेलं असतं. नुसत्या तेवढ्यानंही गाडी धूर मारते.

पातळी बरोबर असेल तर जोतिबाच्या डोंगरावर एक फेरी मारा. चढताना सतत धूर येत असेल तर संशय रिंग (पिस्टनभोवतीची कडी) आणि बोअरवर (पिस्टन ज्यात खालीवर होतो ती सिलिंडरची पोकळी). उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो. खाली येऊन पीळ दिल्यावर भसकन धूर येऊन थांबला, किंवा रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना तसं झालं, तर ऑइल व्हॉल्व्हच्या गाईडमधून, म्हणजे व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो तिच्यातून, उतरतंय. त्याला सील, फार तर गाईड लागतात. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरावं लागेल, पण बोअर करायची (सिलिंडर आतून कातून मोठा करायची) गरज नाही.

पक्कं करायला कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारा मीटर, लावायला सांगा. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लगच्या जागी गेज आणि काटा थांबेपर्यंत किक. आकडा लिहून घ्या. मग प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिली, ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वर चढला तर रिंग-बोअर झिजलंय. जागेवरून हलला नाही आणि मुळातच कमी होता, तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. दहा मिनिटांचं काम आहे. याला नको म्हणणाऱ्याकडे इंजिन उघडायला देऊ नका.

बोअरच करायचं ठरलं, तर सिलिंडरचा ब्लॉक बहुधा उद्यमनगरातल्या एखाद्या बोअरिंगवाल्याकडे जातो. तिथले हात तयार असतात; चूक होते ती क्रमात. पिस्टन आधी विकत घ्यायचा, तो मोजायचा आणि त्याच्या मापानं ब्लॉक बोअर करून होनिंग करायचं, म्हणजे आतली भिंत बारीक घासून घ्यायची. 'बोअर करून ठेवतो, पिस्टन नंतर आणा' हे चालत नाही. दोघांमधली फट दोन-चार शतांश मिलिमीटरची असते. कमी पडली तर पिस्टन तापून धरतो, जास्त झाली तर इंजिन खडखडतं आणि वर्षाच्या आत पुन्हा धूर.

पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटर अशा ओव्हरसाइजमध्ये, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढे मोठे, येतात. जुना पिस्टन मागून घ्या, त्याच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो. तिथे काहीच नसेल तर आजवर बोअर झालेलं नाही. मग एकदम ०.५० कशाला लागलं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. आतून कोटिंग असलेल्या ब्लॉकला, विशेषतः काही स्पोर्ट्स गाड्यांच्या, बोअर करत नाहीत. तिथे ब्लॉक-पिस्टनचा जोडच बदलावा लागतो. काम झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर गाडी ताणू नका, नंतर ऑइल बदला.

प्रश्न : गगनबावड्याचा घाट उतरताना कारचं ब्रेक पेडल एकदम खाली गेलं. थोडं थांबल्यावर परत नीट झालं. गॅरेजनं नवे पॅड बसवले, पुढच्या फेरीला पुन्हा तेच. – वाचक, राजारामपुरी

उत्तर : पॅड खराब नसावेतच. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं. डॉट ३ या दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरली की तीच मर्यादा १४० वर येते. सतत ब्रेक दाबत घाट उतरला की कॅलिपरजवळचं (चाकावर पॅड दाबणाऱ्या भागाजवळचं) ऑइल उकळतं, वाफ होते आणि पाय वाफेवर पडतो. थंड झालं की वाफेचं पुन्हा ऑइल, म्हणून गॅरेजच्या दारात सगळं ठीक! पूर्ण ऑइल बदलून चारी चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून घ्या. झाकणावर डॉटचा कोणता आकडा आहे तो बघा. साधारण दर दोन वर्षांनी हे बदलायचं असतं, पण बिलात 'ब्रेक सर्व्हिस' लिहून नुसता स्प्रे मारलेला असतो. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

प्रश्न : पुराचं पाणी पार्किंगमध्ये शिरून कार सीटपर्यंत बुडाली, तर गॅरेजकडे कशी न्यायची? – वाचक, शाहूपुरी

उत्तर : २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या शहरात हा प्रश्न दर पावसाळ्यात येणारच. चावी फिरवू नका. 'बघू सुरू होते का' या एका सेल्फमध्ये दुरुस्ती कित्येक पटींनी वाढते. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय पाण्यातून काढल्यावर गाडी सुरू करून झालेलं इंजिनचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं.

पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी उचलून न्या. सर्व्हेअर येईपर्यंत काही उघडू देऊ नका. चांगला मेस्त्री मग आधी एअर फिल्टर बघतो. तो कोरडा असेल तर इंजिनात पाणी गेलं नसण्याची आशा बरीच. ओला असेल तर पेट्रोल गाडीचे प्लग, डिझेलचे इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन आधी हातानं फिरवून पाणी बाहेर काढायचं. दुधाच्या चहासारखं दिसणारं ऑइल काढून टाकायचं, नवं भरून काही मिनिटं इंजिन चालवायचं आणि तेही बदलायचं. गिअर ऑइल विसरलं जातं, ते आठवणीनं तपासायला सांगा. सीट, गालिचे निघालेच पाहिजेत. खाली वायरिंगचे कनेक्टर असतात आणि पंचगंगेचा गाळ तिथे बसला की दिवाळीपर्यंत एकेक दिवा बंद पडत जातो.

प्रश्न : आमचा मेस्त्री कामाला सोन्यासारखा, पण बिल देत नाही. – वाचक, गडहिंग्लज

उत्तर : मेस्त्री सोडू नका, कागद मागा. छापील नसलं तरी तारीख, किलोमीटर, टाकलेले पार्ट आणि मजुरी लिहून सही एवढं पुरे. पार्ट दुकानातून आणला असेल तर ते बिल तुमच्या नावावर घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. काम बिघडलं आणि बोलून मिटलं नाही तर १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तिथेही पहिला प्रश्न कागदाचाच असतो, म्हणून जुना पार्टही पिशवीत घालून घरी आणा.