बाळंतीण माहेरी, नोंद सासरी. घरी कोण येणार?

प्रश्न : मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. सरकारी दवाखान्यात प्रसूती झाली, काल तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. बाळ २ किलो १०० ग्रॅमचं आहे. नोंद सासरच्या गावची, म्हणून इथे कुणी फिरकलेलं नाही. घरभेट झाली नाही तर काही बिघडतं का? (एक आजी, बीड जिल्हा)

उत्तर : बिघडतं, आणि अडीच किलोच्या आतल्या बाळाचं जास्तच. आजच तुमच्या गावच्या आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरना कळवा, माता व बाल संरक्षण कार्ड दाखवा. नोंद कुठेही असो, भेट बाळ असेल तिथे व्हायला हवी. दवाखान्यातल्या प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी असतात; घरी प्रसूती झाली तर पहिल्या दिवसाची एक जास्त. तुमची तिसऱ्या दिवसाची हुकली आहे, सातव्याची वाट बघू नका.

दारातूनच “बाळ बरं आहे ना?” विचारून कार्डावर खूण होत असेल, तर ती भेट नव्हे. बाळंतिणीच्या खोलीत परकं माणूस नको म्हणून आपणच त्यांना ओसरीवर बसवतो, हेही खरंच. आत न्या, बाळ उघडं करून दाखवा.

वजन करताना रिकाम्या झोळीसह काटा शून्यावर आणावा. दुपट्यासकट तोललं की शे-दीडशे ग्रॅम फुकटचे चढतात आणि पुढच्या वेळी दुपटं नसलं की बाळ रोडावलं म्हणून घरभर घोर. पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे तुमच्या बाळाचं दोनशे ग्रॅमपर्यंत, वजन उतरू शकतं. दोन आठवड्यांत ते भरून यायला हवं.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, बाळ शांत असताना. नवजात बाळ मध्येच थांबून श्वास घेतं, म्हणून अर्ध्या मिनिटाची दुप्पट चालत नाही. ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजा. तेवढेच आले, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला उपचार, औषधं आणि वाहन मोफत आहे.

पोट गरम पण तळपाय गार म्हणजे थंडी लागू लागली. आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घ्या. पहिला आठवडा अंघोळ नको, पुसून घ्या. शेगडीचा धूर खोलीत कोंडू देऊ नका. नाळेला काही लावू नका, गुटीही नको. कमी वजनाचं बाळ भूक लागली तरी रडत नाही, झोपून राहतं. दर दोन तासांनी, रात्रीही, उठवून पाजा.

घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत राबवली. तिथे गावातल्याच बायका शिकून तयार झाल्या आणि तुलनेच्या गावांपेक्षा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

प्रश्न : लोहाच्या गोळ्यांनी शौचाला काळं होतं. सुनेच्या गोळ्या बंद करू का?

उत्तर : नको. काळा रंग लोहाचाच. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक लोहाची गोळी आणि कॅल्शियमच्या दोन घ्यायच्या, पण दोन्ही एका वेळी नाही. लोह रात्री जेवणानंतर द्या, वर लगेच चहा नको.