टेस्ट आधी कर, ठरव नंतर

तुझा मेसेज आला तेव्हा मी झोपायलाच चालले होते, वाचला आणि मग झोप काही आली नाही. "ताई, मूल व्हायला ४१ म्हणजे फार उशीर झाला का" याला हो किंवा नाही असं उत्तर नसतं गं, आणि जो कोणी पाच मिनिटांत ते देईल त्याचं फार मनावर घेऊ नकोस, मग तो डॉक्टर असो नाहीतर तुझी मावशी.

तू लिहिलंयस की आधी आम्ही दोघं नीट विचार करतो, प्रमोशनचं एकदाचं काय ते होऊ दे, मग डॉक्टरकडे जाऊ. हे उलटं आहे. टेस्ट केल्या म्हणजे ट्रीटमेंटला हो म्हटलं असं होत नाही. पस्तिशीच्या आतल्या बाईला वर्षभर प्रयत्न करून बघा म्हणतात, ३५ नंतर सहा महिने, आणि चाळिशी ओलांडली की वाट बघू नका, सरळ या म्हणतात. तेव्हा विचार करायला हवा तेवढा वेळ घे पण रिपोर्ट हातात घेऊन घे. रक्तातून एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय त्याचा अंदाज देणारं हार्मोन), पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून बीजकोषातल्या फॉलिकल (ज्यात बीज वाढतं त्या बारीक पिशव्या) मोजणं, थायरॉइड, शुगर, बीपी, आणि नवऱ्याची वीर्य तपासणी. ही शेवटची सगळ्यात सोपी आणि तीच सगळ्यात शेवटी होते, का ते तुला सांगायला नको. बाईला सुया टोचून झाल्या, गर्भनलिका तपासून झाल्या की मग साहेबांना वेळ मिळतो. तसं होऊ देऊ नकोस, पहिल्याच आठवड्यात त्याचीही करून घे.

एएमएच चांगला आला तर हुरळू नकोस, मी हुरळले होते. त्यावरून कळतं ते एवढंच की इंजेक्शनं दिल्यावर साधारण किती बीजं मिळतील. ती कशी असतील ते वयावर असतं. आपण जन्मतो तेव्हाच आपल्याकडे १० ते २० लाख बीजं असतात, वयात येईपर्यंत ३-४ लाख उरतात, नवीन तयार होत नाहीत, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) त्यातल्या प्रत्येक बीजाचं विभाजन आपल्या जन्माआधी सुरू होऊन अर्ध्यात थांबलेलं असतं, ते पुन्हा सुरू होतं थेट ते बीज बाहेर पडायच्या वेळी. म्हणजे तुझ्या बाबतीत ४१ वर्षं थांबलेलं काम. त्यात गुणसूत्रांची वाटणी चुकते, म्हणून गर्भ राहत नाही किंवा राहून पडतो, चाळिशीत साधारण तीनातला एक गर्भपात होतो. डाउन सिंड्रोमचंही तसंच, पंचविशीत साडेबाराशेत एक, चाळिशीत शंभरात एक. तू रोज पळतेस, तिशीची दिसतेस, सगळं खरं, पण बीजकोषाला ते कळत नाही.

पहिलं टेस्ट ट्यूब बाळ १९७८ साली जन्माला आलं, तेव्हापासून लॅब कुठल्या कुठे गेली, पण बीजाचं वय कमी करणं अजून कोणाला जमलेलं नाही. म्हणून क्लिनिकमध्ये गेलीस की "सक्सेस रेट किती" असं मोघम विचारू नकोस. विचार की माझ्या वयाच्या बायकांमध्ये, स्वतःच्या बीजांनी, सुरू केलेल्या दर सायकलमागे (म्हणजे टेस्ट ट्यूबच्या, आयव्हीएफच्या, एका पूर्ण प्रयत्नामागे) जिवंत बाळं किती. प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह किती ते नको, बाळं किती. चाळिशीच्या सुरुवातीला हा आकडा दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीसला पाचाजवळ येतो. वाईट वाटेल, पण हे सायकल सुरू व्हायच्या आधी वाटलेलं बरं. दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं, मग ट्रिगर (बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन), मग भूल देऊन बीजं काढणं, आणि मग रोज एक फोन, दहा निघाली, आठ पक्व होती, सहा फलित झाली, पाचव्या दिवशी दोन उरली, आणि त्या दोनातही गुणसूत्रं धड असलेलं एकही नसू शकतं. भ्रूणाची जेनेटिक टेस्ट करा म्हणतील. ती चांगलं भ्रूण निवडते, बनवत नाही, एवढं डोक्यात ठेव.

मी चार सायकल केल्या. तीन समजून उमजून केल्या, चौथी केली कारण कोणीच थांब म्हणालं नाही. ना डॉक्टर, ना नवरा, आणि मी तर नाहीच. तिसऱ्या वेळी माझी तीनच बीजं निघाली होती, तेव्हा समोर बसवून आकडे दाखवायला हवे होते, त्याऐवजी "पॉझिटिव्ह राहा" ऐकायला मिळालं आणि मी सही केली. म्हणून तुझ्याकडून एक गोष्ट हवीय, सुरू करायच्या आधी दोघांनी बसून लिहून काढा, जास्तीत जास्त किती सायकल, किती पैसे, आणि डोनर बीज, म्हणजे दुसऱ्या बाईचं बीज, चालेल की नाही. हे शेवटचं आत्ताच बोला, कारण तिथे आकडे पार बदलतात, डोनर तरुण असली की यश तिच्या वयाप्रमाणे येतं. पेपरात ४८ व्या वर्षी आई झालेल्या बायकांचे फोटो बघतेस ना, त्यातल्या कितीतरी जणींचं तसं असू शकतं आणि ते सांगायला त्या बांधील नाहीत. तुझं उत्तर नाही असलं तरी चालेल, फक्त ते तुझं असू दे, नुसतं न बोलल्यामुळे झालेलं नको.

बाकी, ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडणं, एका वेळी एकाच भ्रूणाचं, जुळं एकदम उरकेल या मोहात पडू नकोस, या वयात बीपी आणि शुगरचा धोका तसाच जास्त असतो त्यात जुळ्यांची भर नको. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, डॉक्टरांना विचारून आत्ताच सुरू कर.

माझ्या चौथ्या सायकलनंतर काय झालं ते तुला माहीत आहे, म्हणून ते इथे लिहित नाही. आणि तुझं गणित त्यावरून मांडूही नकोस, मी त्यातली एक बाई.

पाळी कधी येणार आहे ते बघ आणि दुसऱ्या दिवसाची अपॉइंटमेंट आजच घेऊन टाक. रिपोर्ट आले की फोटो पाठव, रात्री नऊनंतर मी मोकळीच असते, नवऱ्यालाही फोनवर घे.

— ताई