शिट्टी खिशातच राहू दे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कॉलेज सांभाळून रविवारची सकाळ स्काऊट पथकाला देणार, रोव्हर म्हणजे मोठा स्काऊट म्हणून लहान मुलांत काम करणार, हे वाचून फार बरं वाटलं. खानापूरहून रोज बेळगावला बसनं जाऊन येणाऱ्या मुलाला झोपायला एकच सकाळ मिळते. ती तू देतोयस, याची मला जाण आहे.

तू विचारलंयस, मुलांना आधी काय शिकवू? गाठी, प्रथमोपचार की खुणांचा माग? त्याआधी तुला स्वतःला एक गोष्ट शिकावी लागेल, बाजूला उभं राहायला. मला ती उशिरा जमली. कशी, ते सविस्तर सांगतो, कारण तू कामाला वाघ आहेस आणि अशा माणसाच्या हातूनच ही चूक होते.

मी स्काऊट मास्तरांचा बेसिक कोर्स करून नुकताच आलो होतो. जांबोटीकडच्या एका माळावर शिबिर घेतलं. चार संघ, प्रत्येकात आठ मुलं, प्रत्येक संघाला एक तंबू. मुलं खुंट्या ठोकत होती, दोऱ्या बांधत होती आणि मी मागून फिरत होतो. एकाची क्लोव्ह हिचची गाठ सैल दिसली, मी सोडून पुन्हा बांधली. दुसऱ्याची खुंटी सरळ उभी ठोकलेली होती, ती उपटून तिरकी ठोकली. दिवस मावळेपर्यंत चारही तंबूंची एकूण एक दोरी माझ्या हातची झाली होती. तंबू देखणे दिसत होते, मला समाधान वाटत होतं.

रात्री परतीचा पाऊस आला. सुती दोरी भिजली की आखडते, म्हणून ढग भरून आले की तंबूच्या दोऱ्या थोड्या सैल करून ठेवायच्या असतात. मला हे ठाऊक होतं, पण मी शिधा झाकायला शाळेच्या व्हरांड्यात गेलो होतो. इकडे दोऱ्या ताणत गेल्या, भिजून मऊ झालेल्या मातीतून खुंट्या निसटल्या आणि एक तंबू बसला. मी पळत आलो तर आठही पोरं पावसात उभी, बॅटरीच्या उजेडात नुसती बघत. संघनायकाच्या हातात दोरीचं टोक होतं. मला बघून तो म्हणाला, "सर, तुमची गाठ आहे. सोडू काय?"

तेरा वर्षांचं पोर. गाठ त्याला येत होती, सैल कशी करायची तेही येत होतं. डोळ्यांदेखत तंबू पडत होता आणि तो माझ्या परवानगीसाठी थांबला होता. दिवसभर त्याच्या हातातलं काम काढून घेऊन मीच त्याला थांबायला शिकवलं होतं. ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही.

स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा सुमारे वीस मुलं होती. त्या मुलांचे त्यांनी चार संघ पाडले आणि प्रत्येक संघ एका मुलाच्या ताब्यात दिला. सगळी स्काऊटिंग त्या एका विश्वासावर उभी आहे. गणवेश, स्कार्फ, डाव्या हाताचं हस्तांदोलन हे मागाहून येतं. म्हणून तुला सांगतो, रविवारी मैदानावर बत्तीस मुलांना एकदम गाठ शिकवत बसू नकोस. शनिवारी संध्याकाळी चारच संघनायकांना बोलाव, त्यांच्याकडून ती पक्की करून घे आणि रविवारी त्यांना आपापल्या संघात शिकवू दे. तुझी शिट्टी खिशातच राहू दे. एखादा संघनायक चुकीचं शिकवतोय असं दिसलं तर त्याला बाजूला घेऊन सांग, त्याच्या पोरांसमोर नको.

चूल पेटवण्याचंही तेच. आपल्याकडे आषाढात सरपण वरून ओलंचिंब असतं. तुला दोन मिनिटांत जाळ करता येतो, पण तू हात लावू नकोस. जाड लाकूड फोडलं की आतला गाभा कोरडा निघतो, त्याच्या बारीक ढलप्या काढायच्या, नारळाची शेंडी पिंजून खाली ठेवायची, घरून आणलेल्या शेणीचा तुकडा वर, आणि पुढचं सरपण चुलीच्या कडेला वाळत ठेवायचं. हे एकदा सांग आणि लांब जाऊन बस. धुरानं डोळे लाल होतील, अर्धी काडेपेटी संपेल. भात करपला तर करपू दे. मात्र तोच भात सगळ्यांनी खायचा, तूसुद्धा. पुढच्या खेपेला बघ, त्या संघाची शेणी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूनच येते.

चुकू द्यायचं ते भात, तंबू, गाठ एवढ्यापुरतंच. पाणी, रस्ता, आग आणि जनावर, इथं शिट्टी बाहेर काढायची आणि मोठ्यानं वाजवायची. मलप्रभेच्या घाटावर पोरं पाण्याकडे ओढली जातात. जो पोहतो त्याचीच मला जास्त भीती वाटते, कारण कुणी बुडताना दिसलं की तो आधी उडी टाकतो. पोरांना पक्कं सांग, पोचेल तिथवर काठी पुढे करायची, नाही पोचली तर दोरी फेकायची, मोठ्यांना हाका मारायच्या, पण स्वतः उतरायचं नाही. बोलाइनची गाठ डोळे मिटून बांधता यायला हवी ती याचसाठी. तिचा फास आवळत नाही, बुडणाऱ्यानं काखेखाली अडकवला तर छाती करकचत नाही.

आणि साप. आपला तालुका जंगलाचा, भातशेतीचा. जुन्या पुस्तकात दंशाच्या वर घट्ट पट्टी आवळा, चिरा द्या असं असायचं. आम्हीही तसंच शिकलो. ते आता पूर्ण विसरायचं. पट्टी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. माणसाला चालवायचं नाही, धीर द्यायचा, दंश झालेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि तडक दवाखाना गाठायचा. तुझ्या पथकातलं प्रत्येक पोर हे घरी जाऊन आजोबांना सांगेल असं बघ. मला ते कुठल्याही प्रावीण्य पदकापेक्षा मोठं वाटतं.

आता सेवेबद्दल. तू लिहिलंयस, "काहीतरी मोठं करायचंय." 2021 च्या जुलैत वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीपाशी महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली, ते तुला आठवत असेल. तेव्हा आपले काही मोठे रोव्हर घरच्यांची परवानगी घेऊन एका काळजी केंद्रावर, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रावर, मदतीला गेले होते. जाताना दोरखंड, काठ्या घेऊन गेले. तिथं दोरखंडाला कुणी हात लावला नाही. पाण्यातलं काम पाण्यात उतरायचं शिक्षण घेतलेल्यांचं, ते त्यांनीच करायचं. आपल्या मुलांच्या वाट्याला झाडू, जेवणाच्या पंगती आणि एक टेबल आलं.

त्या टेबलावर एक मुलगा तीन दिवस बसला. मदतीचे फॉर्म कानडीत. पूरग्रस्तांत कितीतरी माणसं अशी, की कानडी बोलतात, बाजारात भावही करतात, पण वाचता येत नाही. हा मराठी शाळेत शिकलेला, कानडी विषय घेऊन पास झालेला. एक म्हातारी आली, रेशनकार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरलेलं. कार्डावर नाव एक, आधारावर थोडं वेगळं. त्यानं दोन्ही समोरासमोर ठेवून अक्षरं लावली, साहेबांना कानडीत फरक समजावला, फॉर्म भरला. मग अंगठा घेण्याआधी काय लिहिलंय ते सगळं तिला मराठीत वाचून दाखवलं. वाचून दाखवायला त्याला कुणीही सांगितलेलं नव्हतं. म्हातारीनं फॉर्मवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आता लाव अंगठा."

सीमाभागातल्या आपल्या मुलांकडे हे आहे. भाषेवरून इथं काय काय झालंय ते तुझ्या घरातही बोललं जातं, माझ्याही. मायबोलीचा अभिमान माझ्यात तसूभर कमी नाही. पण मराठी, कानडी, उर्दू बोलणारी पोरं एका शिबिरात आली की मी त्यांचे संघ मुद्दाम मिसळतो. एका पातेल्यात आमटी करायची म्हटलं की मीठ कुठं ठेवलंय हे तिन्ही भाषांत विचारावंच लागतं. तूही तसंच कर. आणि काळजी हा शब्द बघ की, कानडीतही तोच आहे.

स्काऊटांच्या राज्य पुरस्काराचंही लिहितो. पालक तुझ्याकडे येतील, प्रमाणपत्राचा पुढं उपयोग होतो, तेवढी सही करून घ्या म्हणतील. तू न पाहिलेल्या हाईकवर, न झालेल्या सेवेवर शेरा मारू नकोस. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान या त्या पुरस्काराआधीच्या परीक्षा, ही पायरी पायरीनं चढायची गोष्ट आहे. एकाची खोटी सही झाली की बाकीच्या सगळ्यांना लगेच कळतं, पोरांना हे मोठ्यांच्या आधी कळतं. पालक रागावतील, चार दिवस बोलणार नाहीत. ते सोसायचं.

कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत किंवा आडबाजूला एकटं थांबायचं नाही, सोबत दुसरं मोठं माणूस हवंच. हा नियम तुझ्यावर अविश्वास म्हणून घेऊ नकोस. तो मी माझ्यासाठीही पाळत आलो.

जमलं तर पहिल्याच महिन्यात पोरांना टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवर ने. 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्यासाठी खोदलेली ती विहीर. आलेल्या लोकांना पाणी पुरावं म्हणून. हिंदुस्थानी सेवा दल काढणाऱ्या डॉ. ना. सु. हर्डीकरांचे स्वयंसेवक तेव्हा राबले, आणि त्या अधिवेशनात सफाईचं काम स्वयंसेवकांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. भाषण करू नकोस. पोरांना कठड्याशी उभं कर आणि विचार, एवढी माणसं आली तर संडास किती लागतील, पाणी किती लागेल, कचरा कुठं जाईल? प्रत्येक संघाला हिशोब करू दे. उत्तरं ऐकून तू थक्क होशील.

येत्या रविवारी साडेसातला ये. खोलीची किल्ली शिपाईकाकांकडे ठेवलीय. कोपऱ्यातल्या लोखंडी पेटीत दोऱ्या आहेत, गेल्या खेपेला ओल्याच गुंडाळल्या गेल्या, त्यांना वास येतोय. त्या उलगडून मैदानावर उन्हात घालाव्या लागतील, कुजलेल्या वेगळ्या काढाव्या लागतील. तू लवकर पोचशील हे मला माहीत आहे. पेटी उघडून ठेव आणि पोरं येईपर्यंत थांब.

तुझा,
सर